‘अनावश्यक’ म्हणजे काय? : डेबियनच्या ‘ऑटोरिमूव्ह’ आज्ञेची मीमांसा

इअन मर्डॉक याने १९९३ साली आरंभिलेल्या डेबियन प्रणालीत १९९९ च्या २.१ आवृत्तीपासून ‘ॲप्ट’ हा पॅकेज मॅनेजर समाविष्ट झाला. एखादा कार्यक्रम बसविताना त्याला लागणारी अन्य पॅकेजे आपोआप आणून देणे, हे त्याचे मुख्य कार्य. परंतु मूळ कार्यक्रम काढून टाकल्यावर त्याच्या सोबतीने आलेली मंडळी मागेच राहतात. त्यांना निरोप देण्याचे काम ‘ऑटोरिमूव्ह’ या आज्ञेकडे सोपविलेले आहे. ही आज्ञा अनावश्यकता कशी ठरविते आणि त्या निर्णयाला प्रामाण्य किती, हा येथील विचाराचा विषय होय.

आज्ञेची पद्धती तर्कशुद्ध आहे. कोणते पॅकेज वापरणाऱ्याने मागून घेतले व कोणते केवळ अवलंबित्वामुळे आले, याची नोंद ॲप्ट एका फाइलीत ठेवतो. मागून घेतलेली आणि प्रणालीला अपरिहार्य असलेली पॅकेजे ही मुळे समजून त्यांच्यापासून अवलंबित्वाचे धागे धरीत तो पुढे जातो. जेथपर्यंत धागा पोहोचतो ते राखावयाचे. जेथे पोहोचत नाही ते काढावयाचे. या पद्धतीचा गुण तुलनेने अधिक स्पष्ट होतो. आर्च लिनक्समधील ‘पॅकमन’ची अनाथ पॅकेजांची यादी ज्यांवर कोणीच अवलंबून नाही एवढीच पॅकेजे दाखविते. परस्परांवर अवलंबून असलेली दोन निरुपयोगी पॅकेजे त्या यादीतून सुटतात. ॲप्टच्या दृष्टीतून ती सुटत नाहीत; कारण एकमेकांचा हात धरला तरी मुळाशी नाते जुळत नाही.

तथापि ही सारी इमारत नोंदीवर उभी आहे. समजा, एखाद्या चित्रलेखन-कार्यक्रमाबरोबर ‘नमपाय’ हे गणनाचे ग्रंथालय आपोआप आले आणि एका संशोधकाने त्याच्या आधारे स्वतःची गणिते लिहिली. पुढे तो कार्यक्रम काढला गेला व ‘ऑटोरिमूव्ह’ने ते ग्रंथालयही नेले. संशोधकाची गणिते त्या क्षणी नव्हे, तर पुढे केव्हातरी चालविताना अडतात. आणि तोवर कारण व परिणाम यांतील दुवा विस्मृतीत गेलेला असतो. ॲप्टच्या इतिहास-नोंदीत तो सापडतो खरा, पण तेथे पाहण्याची आठवण व्हावयास हवी. येथे आज्ञेने नियमभंग केलेला नाही. संशोधकाची गरज तिला कोणी कळविलेलीच नव्हती.

रचनाकारांना या धोक्याची जाणीव नव्हती, असे म्हणता येणार नाही. शिफारस केलेली, इतकेच नव्हे तर केवळ सुचविलेली पॅकेजेही मूळ व्यवस्थेत राखली जातात; चालू कर्नलला संरक्षण आहे; समूहवाचक पॅकेजांमुळे आलेल्या घटकांवर ‘आपोआप आलेले’ अशी खूण करू नये, असाही नियम आहे. परंतु अपवादांची ही मालिकाच मूळ तत्त्वाची मर्यादा सूचित करते. नोंदलेले अवलंबित्व आणि वास्तविक गरज यांत अंतर आहे, आणि ते नियम वाढवून पूर्णतः भरून निघणारे नाही.

म्हणून मुख्य आक्षेप पद्धतीवर नसून भाषेवर आहे. ही पॅकेजे ‘आता आवश्यक नाहीत’, असे ॲप्ट सांगतो. त्याला ज्ञात असते ते एवढेच की, कोणत्याही राखावयाच्या पॅकेजाशी त्यांचा संबंध नोंदलेला नाही. पहिले विधान निर्णय आहे. दुसरे केवळ साक्ष आहे. साक्षीला निर्णयाचा पोशाख चढविल्याने वाचणारा संमतीचे अक्षर निःशंकपणे दाबतो.

यावर उपायही त्याच साधनात आहे. आज्ञा प्रथम अभिनयरूपाने चालवून यादी वाचावी, आणि जे हवे असेल त्यावर ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ने आपली गरज नोंदवावी. असे केले म्हणजे यंत्राची साक्ष पुरी होते. निर्णय मात्र ज्याची गरज, त्याच्याच हाती राहिला पाहिजे.