कोशनोंदींची भाषा : शब्दबाहुल्य व पक्षपात

कमीत कमी शब्दांत निश्चित माहिती देणे, हे कोशनोंदीचे प्रयोजन होय. तिच्या संपादनात शब्दबाहुल्य हा शैलीचा आणि पक्षपात हा दृष्टीचा दोष मानला जातो. प्रत्यक्षात दोहोंचे मूळ बहुधा एकच असते. जे काम पुराव्याने करावयाचे, ते विशेषणावर सोपविले की वाक्य लांबते व एका बाजूला झुकतेही. म्हणून संपादकाची पहिली कसोटी साधी आहे : शब्द गाळून पाहावा, माहिती कमी होत नसेल, तर तो अनावश्यक होता आणि कमी होते ती केवळ लेखकाची पसंती वा नापसंती असेल, तर तो पक्षपाती होता.

मराठीत श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या (२३ खंड) प्रस्तावनाखंडांत संपादकाची मते ठळकपणे व्यक्त झाली आहेत. मात्र तेथे ती कोणाची, हे वाचकास ठाऊक असते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या मराठी विश्वकोशात नोंदीअखेर लेखकाचे नाव येते. तरीही वाचक मजकूर संस्थेच्या प्रामाण्यानेच स्वीकारतो. त्यामुळे वाक्यात लपलेले मत अधिक घातक ठरते.

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ–उल्हासनगर हा परिसर या दृष्टीने उद्‌बोधक आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराविषयी ‘अतिप्राचीन, जगप्रसिद्ध व शिल्पकलेचा अप्रतिम आविष्कार’ असे लिहिल्यास वाचकास काहीच कळत नाही. ‘भूमिज शैलीतील शिलाहारकालीन मंदिर, शिलालेख शके ९८२ (इ. स. १०६०)’ एवढे पुरते. या लेखातील शकवर्ष आरंभी ७८२ असे वाचले गेले होते. पुढे ते ९८२ असल्याचे निश्चित झाले. आकडा चुकला, तरी तो तपासता व सुधारता येतो. ‘अतिप्राचीन’ हा शब्द मात्र दोन्ही वाचनांत तसाच टिकून राहिला असता. जे चुकू शकत नाही, ते माहितीही देत नाही.

माणसांविषयी लिहिताना हा दोष गंभीर होतो. उल्हासनगर हे कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागेवर, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी वसले आणि १९४९ मध्ये त्यास हे नाव मिळाले. येथे ‘निर्वासित’ हा शब्द यथार्थ आहे. तेथील आजच्या रहिवाशांना तोच शब्द लावणे अयथार्थ होय. ‘कॅम्प’ हे आता पत्त्यातील नाव आहे, दर्जा नव्हे. फाळणीतील विस्थापितांपैकी अनेकांनी ‘शरणार्थी’ या शब्दास हरकत घेऊन ‘पुरुषार्थी’ हा शब्द पसंत केला होता. कोशाने यांपैकी एकाची बाजू न घेता वादाचीच नोंद करावी.

शासकीय परिभाषा उचलली म्हणजे तटस्थता येते, हा समजही चुकीचा आहे. ‘गलिच्छ वस्ती’ ही संज्ञा प्रशासनात दीर्घकाळ रूढ होती. गैरसोय नळ व गटारांची, विशेषण मात्र रहिवाशांस चिकटते. अंबरनाथमधील बुवापाड्यासारख्या नावातील ‘पाडा’ हा शब्द लहान वस्तीचा निदर्शक आहे. अशा वस्तीविषयी पाणी, सांडपाणी, घरांचे बांधकाम व जमिनीची मालकी यांची माहिती द्यावी. विशेषण देऊ नये. याहून कठोर उदाहरण ‘गुन्हेगार जमात’ या संज्ञेचे. ‘१८७१ च्या व त्यानंतरच्या कायद्यांन्वये गुन्हेगार म्हणून जाहीर केलेली जमात’ असे लिहिले, की ठपका जमातीवरून कायद्याकडे जातो. हे कायदे १९५२ मध्ये रद्द झाले. कोशातील शब्द आपोआप रद्द होत नाहीत.

काटछाटीलाही मर्यादा आहे. उल्हासनगरच्या नोंदीतून ‘फाळणी’ हा शब्द गाळल्यास वाक्य आटोपशीर होईल, परंतु कारण नाहीसे होईल. ‘स्थलांतर झाले’, ‘वस्ती हटविण्यात आली’ यांसारख्या कर्ता लपविणाऱ्या रचना दिसण्यात निःपक्षपाती, परिणामात पक्षपाती असतात. अशा ठिकाणी संपादकाने शब्द कमी न करता वाढविले पाहिजेत : कोणी, केव्हा व कोणत्या अधिकाराने. ज्यांच्याविषयी नोंद लिहिली जाते, त्यांना उत्तर देण्यासाठी कोशात जागा नसते. म्हणून ही जबाबदारी संपादकावर येते.