विगनपुढे न सरकणारा कॅमेरा

टोनी पामर यांनी ग्रॅनाडा टेलिव्हिजनसाठी विगन गावातल्या नाच-क्लबवर ‘विगन कसिनो’ हा माहितीपट केला १९७७ साली. घामाने निथळणारी पोरं, पायघोळ विजारी, गिरक्या. आणि मधूनमधून कारखाने, गिरण्या, कामगारवस्त्या. इंग्लंडच्या उत्तरेतली कष्टकरी मुलं आठवडाभराचा शीण रात्रभर नाचून घालवतात, हा अर्थ पामर यांच्या संकलनाने या नाचाला दिला. अमेरिकी सोल तबकड्यांवर नाचण्याच्या या चळवळीवरच्या, म्हणजे ‘नॉर्दर्न सोल’वरच्या, पुढच्या कित्येक माहितीपटांनी तो अर्थ उचलला आणि त्याबरोबर ती दृश्येही.

खरे तर विगन हा या कहाणीचा एक अध्याय. मँचेस्टरचा ‘ट्विस्टेड व्हील’, स्टोक-ऑन-ट्रेंटचा ‘टॉर्च’ हे क्लब त्याआधीचे. ‘नॉर्दर्न सोल’ हे नावसुद्धा डेव्ह गॉडिन या लंडनच्या रेकॉर्ड-दुकानदाराने दिलेले. विगनचे पर्व सप्टेंबर १९७३ ते डिसेंबर १९८१, म्हणजे जेमतेम आठ वर्षांचे. त्याच काळात ब्लॅकपूलच्या ‘मेका’ क्लबात इअन लेविन आणि कॉलिन कर्टिस हे डीजे सत्तरच्या दशकातले नवे सोल वाजवत होते आणि साठच्या दशकातल्या वेगवान ठेक्याला चिकटलेल्यांशी त्यांचे जुंपले होते. कलेच्या दृष्टीने हा वाद महत्त्वाचा. पडद्यावर मात्र त्याच्या वाट्याला दोन-चार वाक्ये.

‘बीबीसी’ने २०१३ मध्ये पत्रकार पॉल मेसन यांना घेऊन आणि २०१४ मध्ये ‘लिव्हिंग फॉर द वीकेंड’मधून हा विषय पुन्हा हाताळला. दोन्हींत जिव्हाळा आहे. पण पन्नाशी ओलांडलेली माणसे खुर्चीत बसून आठवणी सांगतात तेव्हा नाच आपोआप भूतकाळात जातो. जुनी चित्रफीत दाखवतानाही निवड ठरलेली: उसळी, पाठीवर पडणे, झटक्यात उठणे. ज्या आडव्या, सरकत्या पावलांवर बहुतेकांची रात्र जाते, ती पावले चौकटीबाहेर राहतात.

त्याहून मोठी उणीव गायकांची. डेट्रॉइट-शिकागोच्या स्टुडिओंत ही गाणी गायलेले बहुतेक कृष्णवर्णीय कलावंत स्वदेशात फारसे यशस्वी ठरले नव्हते. फ्रँक विल्सन यांची १९६५ची तबकडी तर बाजारातही आली नाही. तिची एक प्रत २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. माहितीपट किंमत सांगून थक्क होतात. आपल्या गाण्यावर समुद्रापलीकडे कुणी रात्रभर नाचते आहे, हे कळल्यावर गायकाला काय वाटले, हे विचारायला मात्र वेळ नसतो.

पामर यांची कृती आजही सरस ठरते, ती घडत असलेली गोष्ट टिपते म्हणून. नंतरच्यांनी घडून गेलेली गोष्ट सांगितली. प्रत्यक्षात रात्रभर नाचण्याची ही ‘ऑल-नायटर’ परंपरा लंडनच्या ‘१०० क्लब’सारख्या ठिकाणी विगन बंद पडल्यानंतरही चालू राहिली. पुढच्या दिग्दर्शकाने तिथे जावे, जुनी चित्रफीत कपाटात ठेवावी आणि अडीच मिनिटांची एक तबकडी संपेपर्यंत कॅमेरा न कापता चालू ठेवावा.