कळफलक एक, संगणक दोन : ओळख कोणी विचारायची?

एका टेबलावर दोन संगणक असले की दोन कळफलक आणि दोन माऊस यांची गर्दी होते. यावर उपाय म्हणून २००१ साली ख्रिस शोनमन यांनी ‘सिनर्जी’ हा प्रोग्राम लिहिला. माऊसचा बाण एका पडद्याच्या कडेपलीकडे नेला की तो शेजारच्या संगणकावर उतरतो आणि कळफलकही त्याच संगणकासाठी काम करू लागतो. सोय मोठी आहे. मात्र दाबलेली प्रत्येक कळ नेटवर्कवरून प्रवास करते. त्यात पासवर्ड असतात, शिक्षकांच्या बाबतीत प्रश्नपत्रिकाही असतात.

सुरुवातीच्या सिनर्जीत हा मजकूर उघडाच जाई. पुढे तो सांकेतिक करून पाठवण्याची सोय आली. पण तेवढ्याने काम भागते का?

सिनर्जीपासून २०१८ मध्ये निघालेल्या ‘बॅरिअर’चे उदाहरण पाहू. त्यात सांकेतिकीकरण होते. कळा स्वीकारणारा संगणक पाठवणाऱ्याची ओळखही तपासत असे. उलट दिशेने मात्र तपासणी नव्हती. समोरच्याने नोंदलेले नाव सांगितले की मुख्य संगणक त्याला आत घेई. हे नाव मुळात ‘अननेम्ड’, म्हणजे बेनाम, असे असे. ते बदललेले असले तरी संगणकाच्या नावावरून ओळखणे अवघड नव्हते. तोतया संगणकाला अशा रीतीने कळा टिपता येत आणि कॉपी केलेला मजकूर बदलता येई. नोव्हेंबर २०२१ मध्ये हा दोष जाहीर झाला.

वर्गात हे सहज दाखवता येईल. चिठ्ठी पाकिटात बंद करून बाकाबाकावरून पुढे पाठवा. वाटेत ती कोणी वाचणार नाही. पण शेवटी “मीच तो” म्हणणाऱ्या कोणाच्याही हाती ती दिली, तर पाकिटाचा उपयोग काय?

त्याच वेळी आलेल्या २.४.० या आवृत्तीत दुसऱ्या बाजूची तपासणी आली. परंतु ती आपोआप चालू होत नव्हती. जुन्या आवृत्त्यांशी जोडणी तुटू नये म्हणून ती बंद ठेवलेली होती. आमचा आक्षेप यालाच आहे. सोयीला सुरक्षिततेच्या आधी स्थान मिळाले.

आता बॅरिअरची देखभाल थांबली आहे. असा कोणताही प्रोग्राम घेताना दोन्ही बाजूंची ओळख तपासली जाते का, हे आधी पाहावे. शाळेच्या सामाईक नेटवर्कवर तर नेटवर्क न वापरणारा केव्हीएम स्विच अधिक बरा.