‘एकच’ म्हणजे काय? एका नकाशाची समीक्षा

आज आपण एक शोधनिबंध टीकाकाराच्या नजरेनं पाहणार आहोत. निबंध संगणकशास्त्रातला, आम्ही तत्त्वज्ञानाचे. पण प्रश्न आमच्याच घरातला आहे. दोन गोष्टी ‘एकच’ आहेत असं कधी म्हणायचं?

एकाच वेळी चालणाऱ्या आणि एकमेकांशी बोलणाऱ्या यंत्रणांच्या अभ्यासाला समवर्ती संगणन म्हणतात. जर्मनीत कार्ल अ‍ॅडम पेट्रींचा प्रबंध १९६२ सालचा. १९८०च्या दशकात एडिंबरोला मिल्नर, ऑक्सफर्डला होअर, अ‍ॅम्स्टरडॅमला बेर्खस्ट्रा आणि क्लोप, अशी निरनिराळी घराणी नांदत होती. प्रत्येकाची चिन्हं वेगळी आणि ‘एकच’चा अर्थही वेगळा.

चहा-कॉफीचं मशीन घ्या. एकात नाणं टाकलं की दोन्ही बटणं चालतात, निवड तुमची. दुसऱ्यात नाणं पडताक्षणीच मशीन आतल्या आत ठरवतं, आता चहाच किंवा आता कॉफीच. नोंदवहीत दोन्हींच्या शक्यता त्याच: नाणं-चहा, नाणं-कॉफी. म्हणजे नोंदवही तपासणाऱ्याला दोन्ही एकच. पण चहाचं बटण दाबत ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला विचारा! डेव्हिड पार्क आणि मिल्नर यांनी मांडलेल्या बायसिम्युलेशनमध्ये ही दोन यंत्रं वेगळी ठरतात. हा शब्दच्छल नव्हे. जुन्या प्रोग्रॅमच्या जागी ‘अगदी तसाच’ नवा बसवला आणि तो मध्येच अडकून बसला, तर चूक या ‘तसाच’मध्ये असू शकते.

१९९० साली अ‍ॅम्स्टरडॅमला ‘कॉन्कर’ ही परिषद पहिल्यांदा भरली. तिथं रॉब व्हान ग्लाबेक यांनी या सगळ्या अर्थांचा एक पट मांडला. एका टोकाला नोंदवही, दुसऱ्या टोकाला बायसिम्युलेशन; त्यांनी आखलेल्या चौकटीत वेगळे अर्थ बाराच उरतात. कोण बरोबर, याचा निवाडा नाही. प्रत्येक अर्थामागचा निरीक्षक काय काय तपासू शकतो, एवढंच विचारलं. आमच्या मते निबंधाचं मोठेपण इथं आहे. संशोधकांचा समाज केवळ एकमतानं बांधला जात नाही. मतभेद एका कागदावर मांडता आले, की माणसं एका खोलीत बसू शकतात.

आता टीका. ती चौकट अनुक्रमानं चालणाऱ्या प्रक्रियांची आहे. ‘अ आणि ब एकाच वेळी झाले’ आणि ‘आधी अ मग ब, किंवा आधी ब मग अ’ यांतला फरक या पटावर दिसतच नाही. पेट्रींना तर नेमका हाच फरक मोलाचा होता: ज्या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारण संबंध नाही, त्यांना रांगेत उभं का करायचं? त्यांच्या परंपरेचे मेळावे १९८० पासून वेगळेच भरत आले.

व्हान ग्लाबेक यांच्यावर अन्याय नको. चौकटीची मर्यादा त्यांनी स्वतःच सांगितली आहे, आणि उर्सुला गोल्ट्झ यांच्यासह त्यापलीकडेही काम केलं आहे. दोष सवयीचा आहे. पट हाती आला की पटावर बसणारेच प्रश्न खरे वाटू लागतात. २००६ मध्ये सॅमसन अब्राम्स्की यांनी लेखाच्या शीर्षकातच विचारलं, की समवर्तीपणाच्या मूलभूत रचना कोणत्या. आणि तिथंच उत्तर दिलं, अजून ठाऊक नाही. पंचवीस वर्षांच्या आढाव्याच्या निमित्तानं हे म्हणायला धैर्य लागतं.

म्हणून या क्षेत्रात शिरणाऱ्या तरुणांना आमचं सांगणं एवढंच: व्याख्या पाठ करण्याआधी तिच्यातला निरीक्षक शोधा. त्याला काय दिसतं ते पाहाच, पण काय दिसत नाही तेही विचारा. आता आपण प्रश्नोत्तरांकडे वळू या.