सुपरहिरोपटांचे पुढील भाग आणि चाहत्यांचे तर्क : एक चिकित्सा

बीजशब्द : सुपरहिरोपट, चाहता, भूमिका-निवड, प्रख्यात वस्तू, औचित्य

प्रस्तावना

कलाकृती आधी आणि तिची समीक्षा नंतर, हा सर्वमान्य क्रम आहे. अमेरिकन सुपरहिरोपटांच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटलेला दिसतो. पुढील भाग पडद्यावर येण्याच्या कितीतरी आधीपासून त्यात खलनायक कोण असेल, त्याची भूमिका कोणता नट करील, मागील भागातील कोणता धागा पुढे नेला जाईल, यांविषयी चाहते तर्क लढवू लागतात. हा केवळ रिकाम्या वेळचा विरंगुळा आहे असे मानून त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. परंतु हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चाहत्याला निष्क्रिय ग्राहक न मानता सक्रिय वाचक मानले. त्यानंतर हे दुर्लक्ष समर्थनीय राहिलेले नाही. असे तर्क म्हणजे वाचनाचा एक प्रकार आहे काय, असल्यास तो कलाकृतीला समृद्ध करतो की तिला संकुचित करतो, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात प्रामुख्याने ‘बॅटमन’ चित्रपटांच्या आधारे केला आहे.

पूर्वपीठिका

चाहत्यांचा हस्तक्षेप चित्रपटांबरोबर जन्माला आलेला नाही. अमेरिकन कॉमिक्समधील वाचकांच्या पत्रव्यवहाराची पाने हे त्याचे मूळ होय. १९६०च्या दशकाच्या आरंभी संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापण्यास सुरुवात केली आणि विखुरलेले वाचक एकमेकांस जोडले गेले. पुढे १९८८ साली ‘बॅटमन’च्या प्रकाशकांनी एक विलक्षण प्रयोग केला. बॅटमनचा सहकारी रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, याने जगावे की मरावे, याचा कौल वाचकांनी दूरध्वनीवरून द्यावयाचा होता. प्रत्येक दूरध्वनीस ५० सेंट आकार होता. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ आणि जगण्याच्या बाजूने ५,२७१ मते पडली. अवघ्या ७२ मतांनी एका पात्राचा मृत्यू ठरला.

या घटनेत पुढील साऱ्या प्रवासाचे बीज आढळते. वाचकाची इच्छा थेट कथानकात उतरली. पण त्याच वेळी ती इच्छा मोजता येणारी आणि विकता येणारी वस्तूही झाली. पात्राने मरावे की नाही, याचे कथेच्या अंतर्गत तर्कातून मिळणारे उत्तर बाजूला पडले आणि बहुमताने त्याची जागा घेतली.

भूमिका-निवड आणि औचित्याचा प्रश्न

त्याच वर्षी टिम बर्टन यांच्या ‘बॅटमन’साठी मायकेल कीटन यांची निवड जाहीर झाली. कीटन हे विनोदी भूमिकांसाठी ओळखले जात. १९६६ ते १९६८ या काळातील दूरचित्रवाणी मालिकेने बॅटमनला जो थट्टेचा सूर दिला होता, तो परत येईल, अशी भीती चाहत्यांना वाटली आणि निर्मात्या कंपनीकडे निषेधाच्या पत्रांचा अक्षरशः पाऊस पडला. १९८९ साली चित्रपट प्रदर्शित झाल्यावर मात्र कीटन यांचा अबोल, अंतर्मुख ब्रूस वेन अनेकांना पटला. २००६ साली जोकरच्या भूमिकेसाठी हीथ लेजर यांचे नाव जाहीर झाले, तेव्हाही असाच विरोध झाला. ‘द डार्क नाइट’ जुलै २००८ मध्ये प्रदर्शित झाला. जानेवारीत लेजर यांचे निधन झाले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांना याच भूमिकेसाठी मरणोत्तर ऑस्कर मिळाले.

या उदाहरणांवरून ‘चाहत्यांना काही कळत नाही’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा ठरेल. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. चाहत्यांचा आक्षेपही तत्त्वतः औचित्याचाच आहे. पात्राचा गाभा कोणता आणि तो कोण धारण करू शकेल, असा प्रश्न ते विचारतात. त्यांची चूक प्रश्नात नसून पुराव्यात आहे. नटाच्या पूर्वीच्या भूमिकांनाच ते त्याच्या सामर्थ्याची सीमा समजतात.

औचित्याची ही भाषा बहिष्काराचे हत्यारही बनू शकते. ‘थोर’ (२०११) या चित्रपटात हाइमडाल या नॉर्स देवतेची भूमिका इड्रिस एल्बा या कृष्णवर्णीय नटाकडे गेली, तेव्हा अमेरिकेतील एका वर्णवर्चस्ववादी संघटनेने बहिष्काराचे आवाहन केले. येथे ‘मूळ पात्राशी निष्ठा’ हे शब्द केवळ आवरण होते. उलटपक्षी, २०१० साली डॉनल्ड ग्लोव्हर या कृष्णवर्णीय नटाला स्पायडर-मॅनच्या भूमिकेसाठी विचारात घ्यावे, अशी मोहीम चाहत्यांनी चालवली. भूमिका अँड्र्यू गारफिल्ड यांना मिळाली. तरीही एका मालिकेत ग्लोव्हर यांना स्पायडर-मॅनच्या पोशाखात पाहिल्याचा प्रभाव आपल्यावर पडला, असे लेखक ब्रायन मायकेल बेंडिस यांनी नमूद केले आहे. बेंडिस आणि चित्रकार सारा पिकेली यांनी २०११ साली माइल्स मोरालेस हा नवा स्पायडर-मॅन निर्माण केला. त्याच्यावरील ‘स्पायडर-मॅन : इंटू द स्पायडर-व्हर्स’ (२०१८) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. निवडीच्या लढाईत हरलेला तर्क निर्मितीच्या पातळीवर जिंकू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

कथानकाचे तर्क आणि प्रख्यात वस्तू

धनंजयाने ‘दशरूपका’त नाट्यवस्तूचे प्रख्यात, उत्पाद्य आणि मिश्र असे तीन प्रकार सांगितले आहेत. कॉमिक्सच्या वाचकासाठी सुपरहिरोपटाचे कथानक प्रख्यात, फार तर मिश्र असते. त्यामुळे ‘काय होणार’ हे त्याला बहुधा ठाऊक असते किंवा ते तो ताडू शकतो. अशा प्रेक्षकासमोर चित्रपट टिकतो की नाही, हीच त्याची खरी कसोटी ठरते.

क्रिस्टोफर नोलन यांच्या चित्रत्रयीत या कसोटीची दोन विरुद्ध उदाहरणे सापडतात. हार्वे डेंट हे पात्र १९४२ सालापासून कॉमिक्समध्ये आहे आणि तो पुढे ‘टू-फेस’ होतो, हे सर्वज्ञात आहे. ‘द डार्क नाइट’ हे ज्ञान दडवत नाही. उलट ते गृहीत धरूनच तो रचलेला आहे. डेंटच्या हातातील नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच आहेत. नाणे उडवून निर्णय दैवावर सोपवल्याचे तो भासवतो, प्रत्यक्षात निर्णय त्याचाच असतो. पुढे आगीत त्या नाण्याची एक बाजू काळवंडते आणि तेच नाणे खरोखर दैवाचे साधन बनते. परिणाम आधीच ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला येथे काहीच गमवावे लागत नाही. त्याचे लक्ष ‘काय’ वरून ‘का’ कडे वळते आणि प्रत्येक प्रसंगावर येऊ घातलेल्या ऱ्हासाची छाया पडते.

‘द डार्क नाइट राइजेस’ (२०१२) विषयीच्या तर्कांचा प्रवास वेगळा आहे. आरंभी अनेकांनी खलनायक म्हणून रिडलरचे नाव घेतले. २०१० साली नोलन यांनी स्वतः ते नाकारले. पुढे मारिआँ कोतियार यांच्या पात्राचे नाव मिरांडा टेट असल्याचे सांगितले गेले, तरी ती वस्तुतः रास अल गूलची कन्या तालिया असावी, असा तर्क चाहत्यांनी केला. ‘बॅटमन बिगिन्स’ (२००५) मधील रास अल गूलचा धागा आणि कॉमिक्समधील नाते यांवर तो आधारलेला होता आणि तो खरा ठरला. परंतु तर्क खरा ठरताच चित्रपटाची एक उणीव उघडी पडते. तालियाची ओळख शेवटापर्यंत लपवावयाची असल्यामुळे तिच्या अंतर्मनाला चित्रपटात जवळजवळ अवकाशच मिळत नाही. ओळख उघड होते आणि थोड्याच वेळात तिचा अंत होतो. रहस्य ठाऊक असलेल्या प्रेक्षकाच्या हाती डेंटच्या बाबतीत शोकात्मिका लागते, तालियाच्या बाबतीत केवळ उलगडा लागतो. चाहत्यांच्या तर्काने चित्रपट बिघडवला असे नव्हे. चित्रपटातील जो भाग केवळ आश्चर्यावर उभा होता, तो या तर्काने दाखवून दिला. या अर्थाने असा तर्क हे समीक्षेचेच कार्य आहे.

तर्काकडून मागणीकडे

अलीकडच्या काळात मात्र तर्काचे स्वरूप पालटत आहे. ‘डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस’ (२०२२) मध्ये जॉन क्रॅसिन्स्की हे रीड रिचर्ड्सच्या भूमिकेत थोडा वेळ दिसले. चाहत्यांचे स्वप्न ही या निवडीमागील प्रेरणा होती, असे दिग्दर्शक सॅम रायमी यांनीच सांगितले आहे. पात्र येते, चाहते टाळ्या वाजवतात आणि पात्र मारले जाते. २०२५ सालच्या ‘फँटॅस्टिक फोर’ चित्रपटात तीच भूमिका पेद्रो पास्कल यांनी केली. म्हणजे चाहत्यांची इच्छा पूर्ण करण्यात आली, पण तिला कथेत स्थान देण्यात आले नाही. ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’ (२०२१) पूर्वी आपण त्या चित्रपटात नसल्याचे गारफिल्ड वारंवार सांगत होते. नकार देणे हाही येथे प्रसिद्धीचा भाग झाला होता.

या ठिकाणी दोन प्रकारच्या तर्कांत भेद करणे अगत्याचे आहे. एक तर्क संहितेतील खुणा वाचतो. दुसरा करार, चित्रीकरणस्थळे आणि मुलाखती वाचतो. पहिल्याचा विषय कथा आहे, दुसऱ्याचा विषय वार्ता. दुसरा प्रकार बळावला की प्रेक्षक चित्रपटाला ‘अर्थ काय’ असे न विचारता ‘अंदाज बरोबर आला का’ एवढेच विचारू लागतो आणि निर्मातेही अर्थापेक्षा अंदाजांची पूर्तता करण्यात धन्यता मानतात. यात चाहत्याचा सन्मान झाल्यासारखा दिसतो. वस्तुतः १९८८ सालच्या ५० सेंटांच्या कौलाप्रमाणे त्याची इच्छा केवळ मोजली जाते.

समारोप

एकंदरीत, चाहत्यांचे तर्क सरसकट त्याज्य नाहीत आणि सरसकट गौरवास्पदही नाहीत. संहितेतून निघालेला तर्क कलाकृतीची बलस्थाने व उणिवा नेमक्या दाखवतो आणि प्रसंगी माइल्स मोरालेससारख्या नव्या निर्मितीला चालना देतो. बाजारातून निघालेला तर्क कथेला पूर्तीच्या यादीत रूपांतरित करतो. शेवट ठाऊक असूनही पुन्हा पाहावीशी वाटते ती कलाकृती, हा निकष प्रख्यात वस्तूवरील नाट्याने फार पूर्वीच प्रस्थापित केला आहे. सुपरहिरोपटांच्या पुढील भागांनाही तोच निकष लावला पाहिजे. त्यावर उतरणाऱ्या चित्रपटाला चाहत्यांच्या अचूक अंदाजाचे भय बाळगण्याचे कारण नाही.