किरण नगरकर : दोन भाषांचा कादंबरीकार

स्वभाषा सोडून परभाषेंत कादंबरी लिहिणाऱ्या ग्रंथकाराकडे त्याचे भाषाबंधु दोन नजरांनीं पाहतात. बाहेर त्याचा गौरव झाला म्हणजे तो आपला. एरवीं तो परका. लेबनॉनच्या अमीन रिहानींनीं १९११ सालीं ‘द बुक ऑफ खालिद’ ही कादंबरी इंग्रजींत प्रसिद्ध केली, तेव्हांपासून अरब वाचकांपुढें हा प्रश्न आहे. ईजिप्तच्या अहदाफ सूएफ यांची ‘द मॅप ऑफ लव्ह’ १९९९ सालीं बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादींत आली. ती अरबींत आणली ती त्यांच्या मातोश्री फातिमा मूसा यांनीं. आमच्याकडे हाच प्रश्न किरण नगरकर (१९४२–२०१९) यांच्या रूपानें उभा राहिला, आणि त्याचें उत्तर आम्ही अद्यापि नीट दिलेलें नाहीं.

नगरकरांची पहिली कादंबरी ‘सात सक्कं त्रेचाळीस’ १९७४ सालीं मराठींत निघाली. कुशंक पुरंदरे हा तिचा निवेदक. त्याच्या आयुष्याचा हिशेब पुस्तकाच्या नांवाप्रमाणेंच चुकलेला, आणि त्याच्या आठवणीहि काळाचा क्रम न मानतां येणाऱ्या. मराठी वाक्याची रुळलेली घडी या पुस्तकानें मोडली. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. नगरकरांचें बहुतेक शिक्षण इंग्रजींतून झालें होतें. म्हणजे पुढें त्यांनीं इंग्रजी जशी निवडली, तशीच आधीं मराठीहि निवडलीच होती. ‘मराठीला सोडलें’ असा रोष त्यांच्यावर धरणारांनीं, ते मराठीकडे आपण होऊन आले होते याचें श्रेय मात्र त्यांना दिलें नाहीं.

सुमारें २० वर्षांनीं आलेल्या ‘रावण अँड एडी’चा आरंभ त्यांनीं मराठींत केला व कादंबरी पुरी केली इंग्रजींत. माझगांवच्या चाळींत वरच्या मजल्यावर ख्रिस्ती, त्याखालीं हिंदु. तान्हा रावण वरून पडतो, त्याला झेलतांना एडीचा बाप व्हिक्टर कुटिन्हो प्राणास मुकतो, आणि दोन कुटुंबांची दैवें कायमचीं गुंततात. अशा चाळींत मराठी, कोंकणी, हिंदी यांची जी सरमिसळ ऐकूं यावी, ती येथें एकाच इंग्रजींत विरघळते. डबे पुरवून संसार चालविणाऱ्या पार्वतीबाईंच्या बोलण्याचा अर्थ आपल्यापर्यंत पोंचतो. त्यांचा ठसका पोंचत नाहीं. ही हानि खरी आहे आणि ती झांकण्याचें कारण नाहीं. तिची भरपाई निवेदकाच्या मिस्किल वाचाळपणानें होते. नळाच्या पाण्यावरून होणारीं भांडणें, चित्रपटांचें वेड, इंग्रजी येणारे व न येणारे यांच्यामधील दरी, अशा विषयांवर तो कथा थांबवून व्याख्यानें झोडतो. तीं मोठीं गमतीचीं आहेत. परंतु पाण्याची रांग म्हणजे काय, हें मुंबईकराला समजावून द्यावें लागत नाहीं. तो समजावणीचा सूर जेथें लागतो, तेथें चाळ दुरून पाहिल्यासारखी वाटते.

१९९७ सालच्या ‘ककोल्ड’मध्यें मात्र हेंच दूरत्व सामर्थ्य ठरलें. सोळाव्या शतकांतील मेवाडचा महाराजकुमार, राणा संगाचा पुत्र, येथें आपली कथा सांगतो. त्याची पत्नी म्हणजे कृष्णप्रेमांत बुडालेली मीराबाई. जगानें जिला संत म्हणून पूजिलें, तिच्या पतीवर काय ओढवलें, हा प्रश्न नगरकरांनीं धिटाईनें विचारला. ज्याचा प्रतिस्पर्धी प्रत्यक्ष देव, त्यानें मत्सर तरी कोणाचा करावा? नगराचें सांडपाणी, सैन्याची नवी रचना, बाबराचें संकट या चिंतांत गढलेला हा राजपुत्र घरीं मात्र हरतच जातो. येथें बोली हरवण्याचा प्रश्नच नव्हता. मेवाडी मराठींतहि भाषांतरितच झाली असती. उलट, ही कथा मराठींत लिहितांना रणजित देसाई, ना. सं. इनामदार यांनीं लोकप्रिय केलेली भरजरी दरबारी भाषा पावलोपावलीं आडवी आली असती. इंग्रजीनें त्या ओझ्यांतून लेखकाला सोडविलें, आणि राजपुत्र आजच्या माणसाच्या आवाजांत बोलूं शकला. या ग्रंथास २००० सालचें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें, तें इंग्रजी विभागांत.

तेव्हां निष्ठा हा निकष येथें अपुरा पडतो. कोणत्या पुस्तकास कोणती भाषा मानवली, हें पुस्तकागणिक पाहावें लागेल. चाळीच्या कथेंत इंग्रजीनें कांहीं हिरावलें. मेवाडच्या कथेंत तिनें मराठीला कदाचित् न साधणारें कांहीं दिलें. हा जमाखर्च मांडणें हें टीकाकाराचें काम. तें टाळून आम्ही रुसून बसलों.

वाघोलीस माझ्या वर्गांत एक विद्यार्थिनी आहे. घरीं मराठी, शाळा इंग्रजी. ‘सर, मीं कोणत्या भाषेंत लिहावें?’ असें तिनें विचारलें, तेव्हां मीं तिला आधीं नगरकर वाचावयास सांगितले. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ मराठींत, ‘ककोल्ड’ इंग्रजींत, आणि मग त्याच कादंबरीचा रेखा सबनीस यांनीं केलेला मराठी अनुवाद, ‘प्रतिस्पर्धी’. महिन्याभरानें ती म्हणाली, ‘आईशीं भांडण लिहावयाचें असेल तर मराठी, आईविषयीं लिहावयाचें असेल तर अजून ठरत नाहीं.’ नगरकरांवरील पुष्कळ टीकेपेक्षां मला हें उत्तर अधिक प्रामाणिक वाटलें.