नियम पटावर ठेवणारे खेळ

'बाबा इज यू' हे नाव मराठी माणसाला हमखास चकवतं. हे बाबा म्हणजे वडील नव्हेत आणि कुणी साधुपुरुषही नव्हेत. सशासारखा दिसणारा तो एक पांढरा प्राणी आहे. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांनी २०१७च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये हा खेळ रचला, आणि २०१९मध्ये तो पूर्ण रूपात बाजारात आला. दोनशेहून जास्त कोडी, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेली चित्रं, आणि गोष्ट म्हणावी असं जवळपास काहीच नाही. तरीही 'खेळात माणूस का रमतो' या प्रश्नावर मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो याच खेळानं.

त्याचा पूर्वज म्हणजे १९८२चा जपानी 'सोकोबान'. त्यात गोदामातला कामगार खोकी ढकलत जागेवर नेतो. ढकलता येतं, ओढता येत नाही, एवढीच गंमत. 'बाबा इज यू'मध्येही ढकलायचंच आहे, पण इथे ढकलायचे असतात ते शब्द. पडद्यावर ठोकळ्यांवर इंग्रजी शब्द पडलेले असतात. ओळीत जुळून वाक्य झालं की तो नियम लागू. 'बाबा इज यू' असेल तर बाबा आपल्या हुकमानं चालतो. 'वॉल इज स्टॉप' असेल तर भिंत अडवते. त्यातला एक शब्द बाजूला सारला की भिंत नुसती चित्र उरते; खुशाल आरपार जा. 'रॉक इज यू' जुळवलं तर पडद्यावरचे सगळे दगड म्हणजे आपणच, आणि ते सगळे एकदम हलू लागतात. 'बाबा इज यू' हेच मोडलं तर आपण कुणीच उरत नाही. मग मागे फिरणं एवढंच हाती राहतं.

ही कल्पना नुसती चमत्कृती असती तर दहा मिनिटांत शिळी झाली असती. ती टिकते, कारण प्रत्येक कोडं आपल्या एखाद्या न तपासलेल्या समजुतीवर नेम धरून रचलेलं आहे. भिंत अडवते, झेंडा जिंकून देतो, मी म्हणजे मीच, हे आपण कुणी न सांगता धरून चालतो. घड्याळ नाही, गुण नाहीत, नशिबाचा भाग नाही, हव्या तितक्या चाली मागे घेता येतात. सगळे नियम डोळ्यांसमोर लिहिलेले आहेत. तरी आपण तासभर अडतो, कारण अडसर आपल्या डोक्यात असतो. उत्तर सापडतं तेव्हा नवं काही कळलेलं नसतं. समोर होतं तेच नीट वाचलेलं असतं.

भाषेच्या अंगानंही हा खेळ पाहण्यासारखा आहे. ही करामत इंग्रजीतच इतक्या सहज साधते. तिथे शब्द रूप न बदलता कुठेही जाऊन बसतो, आणि मधला 'इज' बिजागरीसारखा दोन्हीकडे फिरतो. मराठीत 'बाबा तू आहेस' म्हणायचं तर क्रियापद शेवटी जातं, आणि 'तू'साठी 'आहे'चं 'आहेस' होतं. दगड 'हलतो', भिंत 'हलते'. एक नाम बदललं की पुढच्या ठोकळ्याचं लिंगही बदलायला हवं. फिनिशमध्येही विभक्तींचा सुकाळच आहे. व्याकरण हेच खेळणं करायचं, तर व्याकरण जिथे सर्वांत कमी दिसतं अशी भाषा लागते!

पण याच बाबतीत मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. इंग्रजीत कुठल्याही खेळाला 'एन्गेजिंग' म्हटलं की काम भागतं. आपल्याकडे रमणं वेगळं आणि अडकणं वेगळं. खेळ बनवणारे दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात मोजतात: माणूस किती वेळ पडद्यासमोर होता. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली. तिचं सार असं, की गरज नसलेले अडथळे आपणहून स्वीकारून ते पार करू पाहणं म्हणजे खेळणं. त्यातला 'आपणहून' हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. जो नियम मला दिसतच नाही, तो मी आपणहून स्वीकारणार कसा?

२०१२मध्ये आलेल्या 'कँडी क्रश सागा'चं उदाहरण घेऊ. गोळ्या जुळवण्याचा नियम साधा आणि उघड आहे. पण पाच जीव संपले की एकेक परत मिळायला अर्धा तास थांबायचं, नाहीतर पैसे मोजायचे. पुढे कुठल्या गोळ्या पडतील तेही आपल्या हाती नाही. म्हणजे खरी अट पटाबाहेर आहे. तिला ढकलता येत नाही, तिच्याशी डोकं लावता येत नाही. तिथे माणूस हरतो तेव्हा काही शिकत नाही, नुसता थांबतो. याला मी अडकणं म्हणतो.

याचा अर्थ रमवणारा खेळ सुखद असायलाच हवा असं नाही. लुकास पोप यांच्या २०१३च्या 'पेपर्स, प्लीज'मध्ये आपण एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून असतो. रोज नवे नियम येतात, कागद तपासायचे, शिक्के मारायचे. जितकी माणसं हातावेगळी तितका पगार, आणि त्यातून घरच्यांचं अन्न, ऊब, औषधं. एका नवऱ्याचे कागद बरोबर असतात. मागे उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे परवाना नसतो. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद मिळते, दंड त्यानंतर. ही बारीकशी तरतूद मला थोर वाटते, कारण तिच्यामुळे दयेलाही रोजचा कोटा लागतो. आज ती कुणावर खर्च करायची? नियम इथे ढकलता येत नाहीत, पण किंमत मोजून मोडता येतात, आणि ती किंमत समोर लिहिलेली असते.

तिसरा प्रकार आपण सगळे खेळलेलो आहोत. गल्ली क्रिकेटमध्ये गॅलरीत बॉल गेला तर आऊट, भिंतीला लागला तर दोन रन, जागा अपुरी म्हणून एक टप्पा एक हात. धाकटं भावंड कच्चा लिंबू. ते खेळणार, पण आऊट होणार नाही. हे नियम कुणी छापले नाहीत. भांडून ठरले, आणि नवा पोरगा आला की पुन्हा ठरले. खेळाचा निम्मा वेळ त्यातच जायचा, आणि तो वाया गेला असं कुणाला वाटत नसे.

या कसोटीवर 'बाबा'ची उणीवही दिसते. वाक्य पडद्याच्या कोपऱ्यात रचलेलं असेल तर ते तिथून हलत नाही. कुठला नियम हात लावण्याजोगा आणि कुठला नाही, हे तेइकारींनी आधीच ठरवलेलं असतं. बंडखोरीचा आव आणणारा हा खेळ बहुतेक वेळा एकच वाट शोधायला लावतो. शेवटाकडच्या कोड्यांत शब्द इतके वाढतात की विचार संपून नुसती ढकलाढकली उरते. शिवाय इथे हुज्जत घालायला समोर कुणी नाही. कच्चा लिंबू कुठल्याही ठोकळ्यावर लिहिता येत नाही. त्यासाठी धाकट्याची दया येणारं कुणीतरी लागतं.

तरीही रोज कुठल्या ना कुठल्या घरात 'मूल किती वेळ गेम खेळतं' याचा हिशेब मांडला जातो, तिथे हा खेळ उपयोगी पडेल. तास मोजून रमणं आणि अडकणं वेगळं काढता येत नाही. त्यापेक्षा मुलाला विचारावं: या खेळाचे नियम काय आहेत, आणि त्यातला तुला कुठला बदलावासा वाटतो? रमलेलं मूल तावातावानं सांगू लागेल, आणि आपल्यालाच ऐकत बसावं लागेल. अडकलेल्याला मात्र सांगण्यासारखं फारसं काही सापडणार नाही, कारण त्याला धरून ठेवणारा नियम त्याला कुणी दाखवलेलाच नाही.